दिवाळीच्या घरातले दीड वर्षाचे माणूस



दिवाळी आठ दिवसांवर आली की आपल्या घरांतले बोलणेच बदलते. भाजणी दळून आली का, अनारशाचे पीठ मुरले का, मुंबईची मंडळी कोणत्या गाडीने येणार, सुनेचे माहेरी जाणे पाडव्याआधी की भाऊबीजेनंतर... या सगळ्या खलबतात घरातल्या एका माणसाचे नाव कुणीच काढत नाही. हे माणूस वर्षा-दीड वर्षाचे असते, उंचीने जेमतेम अडीच फूट, आणि दिवाळी म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सांगून कळणारही नसते. आज मी त्या माणसाच्या बाजूने चार शब्द बोलणार आहे.

एक प्रयोग करून पाहा. दिवाळीच्या धामधुमीत दोन मिनिटे ओसरीवर बसकण मारा आणि डोळे त्या मुलाच्या उंचीला आणून घर न्याहाळा. काल जिथे कॉट होती तिथे आज नाही. रंग लावायचा म्हणून ती सरकवली आहे. माळ्यावरची भांडी खाली आली आहेत, त्यांना हात लावला की ओरडा बसतो. एरवी आई दहा वेळा जवळ घेई, ती आज शेगडीपुढून हलत नाही आणि जवळ गेले की ‘कढई आहे, लांब हो’ म्हणते. सगळीकडे पायच पाय, आणि त्यांतले निम्मे अनोळखी. कुणीही येते, गालगुच्चा घेते, उचलून उंच धरते. बाहेर धडाधड आवाज होतात आणि त्यावर मोठी माणसे चक्क हसतात!

चार दिवसांत सगळे पूर्वीसारखे होणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते. त्याला ते ठाऊक नसते. दीड वर्षाच्या मुलाला वार कळत नाही, तिथी कळत नाही, ‘परवा’ कळत नाही. त्याचा दिवस क्रमावर चालतो. उठले की दूध, दुधानंतर अंगण, अंगणानंतर आंघोळ, मग मऊ भात, मग झोप. एकामागून एक ठरलेली गोष्ट येत गेली की त्याला जग जागच्या जागी आहे असे वाटते. दिवाळी हा क्रम मोडते. आपल्या दृष्टीने तो सण असतो. त्याच्या दृष्टीने घर कुणीतरी उचलून नेलेले असते. मग ते किरकिर करते, जेवत नाही, आईच्या पायांना मिठी मारून बसते, आणि आपण म्हणतो, ‘सणासुदीचा हट्ट बघा कसा करतोय!’

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. या विषयावर वर्गात मी बरीच वर्षे बोलत होतो; घरी मात्र मला ते उशिराच कळले. आमची मुलगी एकोणीस महिन्यांची असताना, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, आम्ही दिवाळीला गावी गेलो होतो. गाव सातारा जिल्ह्यातले. थोरले भाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वहिनी, त्यांची मुले, दोन्ही बहिणी आणि त्यांचे बिऱ्हाड, असे मिळून घरात सतरा माणसे. एस.टी.तून उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभीच होती. मुलीवरून तो ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावले आणि दोन्ही हात पुढे केले. मुलीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि असा टाहो फोडला, की शेजारचे बाहेर आले.

आई हसली, पण तिचे हात तसेच मागे गेले. रात्री चुलीपाशी ती वहिनींना म्हणाली, “शहरातली पोरं. त्यांना आपली ओळख कुठली राहायला? आईनं लावून दिली तर राहणार ना.” हे माझ्या पत्नीने ऐकले. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भाजणी भाजता भाजता दोघींमध्ये शब्दाला शब्द लागला, तो काही भाजणीवरून लागला नव्हता.

आता यात चूक कुणाची? वस्तुतः कुणाचीच नाही. मूल आठ-नऊ महिन्यांचे झाले की ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतला भेद त्याला स्पष्ट कळू लागतो, आणि अनोळख्याचे भय वाटू लागते. आईपासून दूर होण्याची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि पुढे हळूहळू कमी होत जाते. हे शहाणपण वाढल्याचे लक्षण आहे. चार महिन्यांचे मूल कुणाहीकडे जाते, कारण त्याला अजून अनोळख्याचे भय वाटत नाही. तेव्हा ते ‘किती गोड’ आणि वर्षानंतर रडले की ‘माणूसघाणे’, हा न्याय उलटा आहे.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने आणि मेरी एन्सवर्थ या संशोधक बाईंनी या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास केला. एन्सवर्थबाईंचे सुरुवातीचे निरीक्षण विलायतेतल्या घरांतले नव्हते, १९५४-५५ च्या सुमारास युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन केलेले होते. त्यांना दिसले ते आपल्याही अंगणात रोज दिसते. मूल आईपासून सुटून चार पावले जाते, वळून पाहते, आई आहे ना याची खात्री करते, आणि मग आणखी चार पावले टाकते. आई म्हणजे जणू गुरे बांधायचा खुंटा. दावे जितके भरवशाचे, तितके मूल लांबवर चरून येते. खुंटाच दिसेनासा झाला, तर ते एक पाऊलही टाकत नाही.

म्हणून आज्या, आत्या, मावश्या, मामा यांना माझी विनंती आहे. मूल घरी आले की हात पुढे करू नका. त्याच्या आईशी बोला, हसा, तिच्याजवळ बसा. मूल आईच्या मांडीवरून तुम्हांला बघत असते. आईला हे माणूस चालते, हे ते तिच्या चेहऱ्यावरून वाचते. मग एखादी वाटी, एखादा चमचा जमिनीवर ठेवा आणि दुसरीकडे पाहा. अर्ध्या-पाऊण तासात ते आपण होऊन तुमच्या गुडघ्याशी येईल. ‘ये ना, ये ना, नाही आलास तर तुझ्या ताईला घेते’ असल्या लाडिक धमक्यांनी दोन दिवस वाया जातात. आणि सुनेला बोल लावल्याने तर मूल कधीच आजीकडे येत नाही, कारण आईचा ताठरलेला हात त्याला कळतो.

आता झोपेविषयी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. यात दुपारची झोपही आली. नरकचतुर्दशीच्या दिवशी आपण काय करतो? रात्री अकरापर्यंत गप्पा रंगतात, दिव्याच्या उजेडात आणि कालव्यात मूल जागेच असते. पहाटे चारला त्याला उठवून, कुडकुडत्या थंडीत तेल-उटणे चोळून ऊन पाणी घालतो. ‘पहिली आंघोळ चुकली की नरकात जातो’ हे मोठ्यांना सांगायला ठीक आहे. दीड वर्षाच्या मुलाने नरकात जाण्याजोगे केलेले तरी काय असते? त्याला झोपू द्या. आपोआप जागे झाले की कोवळ्या उन्हात तेल लावा, आंघोळ घाला, ओवाळा. उटण्याचा खरखरीत कण त्याच्या नाजूक कातडीला सोसत नाही आणि डोळ्यांत गेला की सगळ्या घराची पहाट होते. तेव्हा त्याला नुसते तेल पुरे. दुपारी मात्र पाहुणे कितीही येवोत, एका खोलीचे दार लोटून घ्या. रोजचीच गोधडी, रोजचेच गाणे, आणि रोज थोपटणारा हात असला की नव्या गावातही मूल झोपते. गोधडी धुवायला टाकू नका. तिचा वास हेच त्याचे घर असते.

इथे एक गंमत सांगतो. संध्याकाळी मूल फारच किरकिरू लागले की आमच्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढतात. पुष्कळदा मूल खरोखर शांत होते. मी बारकाईने पाहिले. दृष्ट काढायची म्हणून मुलाला गर्दीतून उचलून आतल्या खोलीत नेलेले असते, आईच्या मांडीवर बसवलेले असते, भोवतीची माणसे गप्प झालेली असतात आणि एक म्हातारा हात संथपणे त्याच्यावरून फिरत असतो. दमलेल्या मुलाला हवे ते सारे त्यात आले. मोहऱ्या चुलीत तडतडल्या म्हणून नजर उतरली, की मांडी मिळाली म्हणून, यावर मी आईशी वाद घातला नाही.

आता जे सांगायचे आहे ते फराळाचे. हा भाग कृपा करून नीट ऐका.

दीड वर्षाच्या मुलाला पुढचे दात आलेले असतात, त्यामुळे त्याला सगळे खाता येते असे आपल्याला वाटते. पण पुढचे दात तोडायचे असतात. चावून बारीक करतात त्या दाढा. पहिल्या दाढा साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतात आणि मागच्या दुधाच्या दाढा पुऱ्या यायला अडीच वर्षे उलटतात. म्हणजे या वयात मूल तुकडा तोडू शकते, पण तो दळू शकत नाही. त्यातच ते खाता खाता पळते, हसते, रडते. अशा वेळी शेंगदाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. आपल्या चिवड्यात काय असते? शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप. फराळाच्या ताटात लहान मुलाला सगळ्यांत धोक्याचा पदार्थ कोणता असेल तर तो चिवडा.

मला हे पुस्तकातून माहीत होते. तरी त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझ्या मुलीच्या तोंडात चिवड्याचा घास गेला. भरवला तो तिच्या सहा वर्षांच्या चुलतभावाने, अगदी मायेने, स्वतःच्या वाटीतला. तिला जोराचा ठसका लागला. तोंड लाल झाले, डोळ्यांतून पाणी आले. कुणी टाळूवर थापटले, कुणी ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हटले. मिनिटाभरात ठसका थांबला, ती थोडी रडली आणि पुन्हा खेळू लागली. सगळे आपापल्या कामाला गेले. मीही गेलो; आकाशकंदिलाची वायर सैल झाली होती.

रात्री तिच्या श्वासाला बारीक आवाज येऊ लागला. मी म्हणालो, गावची थंडी बाधली, सर्दी असेल. पत्नी घाबरली होती, पण माझ्या एम.ए.वर तिचा विश्वास होता. आई उठून आली. मुलगी पेंगुळलेली होती, त्यामुळे रडली नाही. आईने तिला खांद्यावर घेतले, तिच्या पाठीला एका बाजूने कान लावला, मग दुसऱ्या बाजूने. म्हणाली, “ही सर्दी न्हवं. सर्दी दोन्हीकडं वाजती. ह्या अंगाला शिट्टी हाय, त्या अंगाला न्हाई. दुपारी ठसका लागला तवा काय खाल्लं हुतं पोरीनं?”

रात्रीच जीप काढून आम्ही साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. त्यांनी सांगितले की शेंगदाणा क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही; ठसक्याची हकिगत हाच मोठा पुरावा. दुसऱ्या दिवशी भूल देऊन, दुर्बीण घालून, उजव्या बाजूच्या नळीतून अर्धा शेंगदाणा काढला. आठवडाभर तो तसाच राहिला असता, तर फुगून, आजूबाजूला सूज येऊन न्यूमोनिया झाला असता, असे ते म्हणाले. शुद्धीवर आल्यावर मुलगी आईसाठी रडली, पण तिची आई औषधे आणायला खाली गेली होती. तिला माझ्या आईने घेतले. ती गेली. दोन तास त्याच मांडीवर झोपली. तिची आई परत आली तेव्हा आमच्या आईने तिला बाकावर शेजारी बसवून घेतले आणि म्हणाली, “तू बी जरा टेक इथं.”

तेव्हा चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खा शेंगदाणा, अख्खे डाळे, खोबऱ्याचा काप, कडक चकलीचा तुकडा देऊ नका. शेंगदाण्याचे कूट चालेल. बेसनाचा मऊ लाडू कुसकरून, त्यातला बेदाणा काढून, थोडा थोडा द्या. शंकरपाळे दुधात भिजवा. आणि खाताना मूल बसलेले असावे, कडेवर नाचवत भरवू नये. ठसका लागलाच तर मूल खोकते आहे तोवर खोकू द्या. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नका, ती आणखी आत जाते. पण मूल खोकू शकत नसेल, आवाज फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वेळ घालवू नका. त्याला पुढे वाकवून, डोके खाली करून, दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. वर्षावरच्या मुलाला तेवढ्याने सुटले नाही, तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वर असे पाच झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ क्रमांकाला फोन करावा. आणि ठसका आपोआप थांबला, तरी त्यानंतर श्वासाला शिट्टी, खोकला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना ठसक्याची गोष्ट आवर्जून सांगा. आपण होऊन सांगा, कारण ते विचारतीलच असे नाही.

त्या दिवाळीनंतर मी पुष्कळ विचार केला. घरात सतरा माणसे होती आणि प्रत्येकाला वाटत होते, कुणीतरी मुलीकडे बघतेच आहे. दोघेच असतो तेव्हा आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. सतरा असताना सगळे बघतात म्हणजे कुणीच बघत नाही. गर्दीच्या घराचा हा दोष आहे. त्यावर वहिनींनी एक साधी युक्ती काढली. एक लाल पंचा. तो ज्याच्या खांद्यावर असेल, मूल त्याचे. त्याला भाजी चिरायला बसायचे असेल, गावात जायचे असेल, तर आधी पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा आणि तोंडाने म्हणायचे, ‘घे, आता तुझी.’ पंचा घेतलेल्याने दुसरे काम करायचे नाही, मोबाईलही बघायचा नाही. आमच्या घरात पुरुषमंडळींना फराळाच्या कामात कुणी घेत नाही, पण पंचा घ्यायला कुणाची हरकत नव्हती. दादांनी एका सकाळी तीन तास पंचा सांभाळला आणि दुपारी जेवण झाल्यावर सपशेल आडवे झाले. वहिनी म्हणाल्या, “आता कळलं?”

मोबाईलचा उल्लेख आलाच आहे. मूल शांत बसावे म्हणून त्याच्या हातात तो देण्याची चाल आता खेड्यापाड्यांतही पोचली आहे. वरच्याच मार्गदर्शनात, दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासापेक्षा अधिक नको, असे सांगितले आहे. याहून जास्त मी बोलत नाही. सणात एखादे दिवशी दहा मिनिटे दिलात तर आकाश कोसळत नाही. पण पडद्याने शांत झालेले मूल निवांत झालेले नसते, हे लक्षात ठेवा.

फटाक्यांबद्दल दोन गोष्टी. फुलबाजी निरुपद्रवी वाटते, म्हणून ती आपण लहान मुलाच्या हातात देतो आणि फोटो काढतो. जळत्या फुलबाजीचे उष्णतामान सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. उकळते पाणी शंभर अंशांचे असते, यावरून काय ते ओळखा. विझल्यावरही तिची तार बराच वेळ तापलेली राहते आणि अंधारात दिसत नाही. अनवाणी पोर नेमके तिच्यावर पाय देते. फुलबाज्या लावायच्या असतील तर शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि प्रत्येक तार त्यात बुडवा. भाजलेच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. घड्याळ लावून वीस मिनिटे. पाच मिनिटांनी पुरे वाटते, ते पुरे नसते. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नका.

आवाजाचे म्हणाल, तर फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्याला १९९९ च्या नियमाने बंदी आहे, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाके उडवायला रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. आपले साधे बोलणे साठेक डेसिबलचे असते. नियम किती पाळतात ते आपण जाणतोच. मूल कानांवर हात ठेवू शकत नाही, आणि ‘आता वाजणार आहे’ हे त्याला आधी कळत नाही. म्हणून त्याचे दचकणे आपल्यापेक्षा मोठे असते. त्या वेळेला त्याला मागच्या खोलीत, मांडीवर घेऊन बसा. ‘सवय होऊ दे’ म्हणून अंगणात उभे करू नका.

आणि किल्ला? थोरल्या मुलांनी चार दिवस खपून, माती कालवून, अळीव-मोहऱ्या पेरून किल्ला केलेला असतो आणि आपले दीड वर्षाचे वीर एका सकाळी बुरूज पाडून मावळा तोंडात घालतात. मग थोरला रडतो, धाकटा मार खातो. धाकट्याला ‘मोडले’ हे कळत नाही. माती हाताला लागली की दाबायची, एवढेच त्याला कळते. शेजारी त्याला त्याचा वेगळा चिखल द्या, एक पळी आणि एक डबा द्या. थोरल्याला सांगा, हा त्याचा किल्ला आहे. मावळे मात्र त्याच्या हाताबाहेर, उंचावर असू देत.

आता शिक्षक मंडळींसाठी थोडे. दिवाळीची सुट्टी लागली की शाळेच्या फळ्यावर ‘शुभेच्छा’ लिहून आपण मोकळे होतो. पण त्याच दिवशी आपल्या तिसरी-चौथीतल्या कितीतरी मुलींच्या कडेवर धाकटे भावंड येऊन बसते. अंगणवाडीचा रोजचा आधारही सणाच्या सुट्टीत नसतो. आई सुगीत किंवा फराळात असते, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी दिवसभर ते मूल वाहत असते. मूल सांभाळणे हे तिचे खरे काम असते आणि आपण तिला त्यातले काहीही शिकवलेले नसते.

ही गोष्ट फार पूर्वी ताराबाई मोडक यांच्या ध्यानात आली होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. मुले शाळेत का येत नाहीत, हे पाहताना त्यांना दिसले की कुणी गुरांमागे असते, तर कुणी धाकट्या भावंडामागे. मग त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरवली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, म्हणजे ताई शाळेत आणि तान्हे शेजारी. अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी आहे. देशभरची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्या कितीतरी आधी हे घडले होते.

आपल्याला एवढे मोठे काम नको असेल तर नको. सुट्टीआधीचा एक तास द्या. घरी धाकटे भावंड कुणाकुणाला आहे ते विचारा. हात वर आले की त्यांनाच सांगू द्या, ते कधी रडते, कशाने गप्प बसते. त्यांच्याकडे पुष्कळ ज्ञान असते. मग शेंगदाण्याची गोष्ट सांगा, ठसक्याच्या थापा बाहुलीवर किंवा दप्तरावर करून दाखवा, भाजले तर वीस मिनिटे पाणी हे पाठ करून घ्या. माझ्या पुतण्याला हे कुणी सांगितले असते, तर त्याने वाटी पुढे केली नसती. त्याला पुढे बरेच दिवस कुणी रागावले नाही, तरी तो तिच्याजवळ खाऊ घेऊन जाईना. तेही आम्हांला नंतर निस्तरावे लागले.

आणि ज्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, बीडकडे, अहिल्यानगरकडे, तिथल्या शिक्षकांना मी काय सांगावे? तिथे दिवाळीनंतर क्रम पूर्ववत होतच नाही. दीड वर्षाचे मूल ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत बसून निघते, फडाच्या कडेला साडीच्या झोळीत झोपते आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहते. त्याच्या आईला पंचा कुणाच्या खांद्यावर टाकायचा हा प्रश्नच नसतो, कारण दुसरा खांदा कोयता चालवत असतो. निदान निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत आहे का, पुढचा डोस कधीचा आहे, हे पाहून द्या. कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीत आपल्या मुलाला आहार आणि लस मागता येते, हे त्या बाईला तोंडाने सांगा. कागदावरचे तिच्यापर्यंत पोचत नाही.

सण संपवून घरी परतलेल्या मंडळींसाठी शेवटचे एक. परतल्यावर मूल चार-सहा दिवस बिथरते. रात्री उठते, आईला सोडत नाही, येत असलेले दोन शब्द बोलायचे थांबते. गावी लाड झाले म्हणून बिघडले, असे समजू नका. जमू लागलेली माणसे त्याच्यापासून पुन्हा गेलेली असतात. आमची मुलगी त्या वेळी घरी आल्यावर रोज संध्याकाळी दारात जाऊन उभी राही आणि ‘आज्जी’ म्हणे. तोवर तिला हा शब्द येत नव्हता. पत्नीने फोन लावून दिला, तेव्हा पलीकडून आई काही बोललीच नाही. नुसता नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग दादांनी फोन घेऊन सांगितले, की यंदा उसाला तुरा लवकर आला आहे.